आधी नुक्ता, मग अलिफ

वीस वर्षं मी देवनागरी अक्षरं काढत आले. मानपत्रं, लग्नपत्रिका, पाट्या. बोरू हातात चांगला मुरलेला होता. म्हणून अरबी-फारसी खत शिकायला उस्तादांसमोर बसले तेव्हा वाटलं, लिपी तेवढी नवी, बाकी सगळं ओळखीचं. पहिल्या दिवशी त्यांनी एकही अक्षर दिलं नाही. एक ठिपका काढला, कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बेटी, हा दोनशे वेळा काढून आण. मग अलिफचं बघू." अलिफ म्हणजे त्या लिपीतलं पहिलं अक्षर, एक उभी रेघ.

उस्तादांनी उमेदीची सगळी वर्षं उर्दू वर्तमानपत्रात कातिब म्हणून काढली. रोजचा अंक हातानं लिहायचा, मग छपाई. 1981 मध्ये नूरी नस्तालीक हा संगणकावरचा टंक आला आणि हळूहळू कातिबांचं काम संपलं. त्यांच्याकडून शिकलेलं इथे उतरवते आहे, ते ज्यांना ही अक्षरं आवडतात पण कुठून धरायची ते कळत नाही त्यांच्यासाठी. आधी शब्दाचं सांगते. 'खत' म्हणजे रेघ, लिखाण. आपल्या खरेदीखतात आणि गहाणखतात जो खत आहे, तोच हा. जो सुंदर खत लिहितो तो खत्तात किंवा खुशनवीस.

आता तो ठिपका. त्याला नुक्ता म्हणतात. बोरूचं छाटलेलं टोक कागदावर पूर्ण टेकवायचं आणि टोकाची जेवढी रुंदी, बरोबर तेवढंच खाली ओढायचं. पत्त्यांतल्या चौकटच्या खुणेसारखा, कोपऱ्यावर उभा राहिलेला चौकोन मिळतो. चारही बाजू सारख्या हव्यात. एक कोपरा बोथट आला, तर बोरूचं टोक कागदावर पूर्ण टेकलेलं नाही. कडा दातेरी आली, तर कागद खरखरीत आहे किंवा शाई कमी पडते आहे. कोपरे फुगले, तर शाई जास्त झाली. माझ्या पहिल्या दोनशे नुक्त्यांतले उस्तादांनी अकरा पसंत केले, आणि ते अकरा बघताना मला पहिल्यांदा बाकीचे कुठे बिघडलेत ते दिसलं.

एवढा आटापिटा का? कारण हा नुक्ता म्हणजे माप आहे. दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये अब्बासी खलिफांच्या दरबारात इब्न मुक्ला नावाचा वजीर होता (886–940). अक्षराचा प्रत्येक भाग नुक्त्यांत मोजायचा, अलिफची उंची इतके नुक्ते धरायची, आणि तोच अलिफ व्यास धरून काढलेल्या वर्तुळात बाकीची अक्षरं बसवायची, ही पद्धत त्याच्या नावावर आहे. तिला 'खत्त-ए-मन्सूब' म्हणतात, म्हणजे प्रमाणबद्ध लेखन. राजकारणात त्याचा घात झाला, उजवा हात तोडला गेला, तुरुंगातच तो वारला. तुटलेल्या हाताला कलम बांधून तो लिहीत राहिला असं सांगतात. त्याचं माप मात्र टिकलं. बोरू जाड घ्या की बारीक, नुक्ता त्या बोरूचाच असतो. त्यामुळे भिंतीएवढं अक्षर आणि नखाएवढं अक्षर एकाच नियमानं मोजता येतं.

त्याच्यानंतर इब्न अल-बव्वाब (मृत्यू 1022) आला. त्यानं या मापात लय आणली. त्यानं सन 1000-1001 च्या सुमारास बगदादमध्ये लिहिलेलं कुराण आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. तिसरा याकूत अल-मुस्तअसिमी (मृत्यू 1298). त्यानं बोरूचं टोक तिरकं छाटलं, आणि त्या एका कापानं जाड-बारीक रेघांचा सगळा नूर बदलला. 1258 मध्ये मंगोल बगदाद लुटत असताना तो एका मनोऱ्यात बसून लिहीत होता अशी कथा आहे. सुलुस, नस्ख, मुहक्कक, रैहान, तौकी आणि रिकाअ ही 'सहा कलमं', म्हणजे सहा शैली, याकूतच्या परंपरेतून पुढच्या पिढ्यांकडे गेली.

बोरू कसा छाटायचा? बोरूच्या गवताचा टणक, सरळ, सुकलेला तुकडा घ्या. आधी एका बाजूनं लांब उतरता काप द्या, आतला भुसभुशीत गर खरवडून टाका, दोन्ही कडा सारख्या तासून टोक हवं तेवढं रुंद ठेवा, मधोमध छोटी चीर पाडा. शेवटी टोक हाडाच्या किंवा कठीण लाकडाच्या पट्टीवर ठेवून धारदार चाकूनं एकाच दाबात तिरकं छाटा. त्या पट्टीला मकता म्हणतात. 'कट्' असा स्वच्छ आवाज आला पाहिजे. दोनदा दाबावं लागलं तर टोक चिरडलं असं समजा आणि पुन्हा छाटा. मी सुरुवातीला माझा देवनागरीचा जुना बोरूच वापरत होते. जिथे जाड हवं तिथे बारीक येई, बारीक हवं तिथे जाड. दोन आठवडे मी हाताला दोष देत होते. उस्तादांनी बोरू बघितला, काही न बोलता टोक उलट्या उतारानं छाटून परत दिला. देवनागरी लिहिणाऱ्यांनी हे आधीच करून टाकावं.

दौतीत शाई नुसती ओतू नका. कच्च्या रेशमाचा छोटा गुंता दौतीत घाला, त्याला लीका म्हणतात, आणि शाई त्यावर ओता. बोरू रेशमावर टेकला की हवी तेवढीच शाई उचलतो आणि टोक दौतीच्या तळावर आपटत नाही. परंपरेतली शाई काजळी आणि बाभळीच्या जातीच्या डिंकाची, खूप वेळ घोटलेली. इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत तेलाच्या दिव्यांची काजळी हवेच्या झोतानं एका खोलीत जमावी अशी रचनाच केलेली आहे, आणि ती काजळी शाईसाठी वापरत. कागदावर अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटीचा थर देऊन तो अकीकाच्या दगडानं घोटत. त्यामुळे शाई कागदात मुरत नाही, वर बसते, आणि चूक झाली तर ओल्या बोटानं किंवा जिभेनं पुसता येते. म्हणून तुर्की भाषेत शिकलेल्या माणसाला 'शाई चाटलेला' म्हणतात. तुम्ही सरावाला गुळगुळीत चकचकीत कागद घेतला तरी चालेल. फक्त शाई फुटणारा कागद घेऊ नका, त्यावर नुक्ता कधीच खरा दिसत नाही.

आता शैली ओळखण्याचं. लोक मला फोटो दाखवून विचारतात, "हे कुठलं?" मी आधी अलिफ शोधते आणि तो किती नुक्ते उंच आहे ते डोळ्यांनी मोजते. सात असतील तर बहुधा सुलुस, पाचच्या आसपास नस्ख, तीन असतील तर नस्तालीक. एवढ्यानंच निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं शब्द कुठे बसलेत त्यावरून कळतं.

कूफी ओळखायला मोजावं लागत नाही. इराकमधल्या कूफा शहरावरून नाव पडलं. सरळ, कोनदार, जमिनीला धरून चालणारी अक्षरं. सुरुवातीची अनेक कुराणं अशाच वळणाची, आडव्या पानांवर लिहिलेली आहेत. जेरुसलेमच्या 'डोम ऑफ द रॉक' या घुमटाच्या वास्तूत हिजरी 72, म्हणजे 691-92 मधला लेख आहे, तोही कोनदार जुन्या वळणाचाच. पुढे विटांच्या भिंतीत बसवायला चौकोनी कूफी आली. ती नकाशासारखी वाचावी लागते. उत्तर आफ्रिकेतलं आणि अंदलुसमधलं, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनमधलं, मगरिबी वळण याच कुळातलं, अक्षरांच्या वाट्या खोल. त्यात 'फे'चा नुक्ता खाली असतो आणि 'काफ'वर दोनाऐवजी एकच, तेवढं बघा.

सुलुसला अरबीत थुलुथ म्हणतात, अर्थ 'एक तृतीयांश'. उंच अलिफ-लाम, एकमेकांत गुंफलेले शब्द, मधल्या मोकळ्या जागेत स्वरचिन्हं. दगडावर आणि भिंतींवर हाच शोभतो. काबेच्या आवरणावर सोनेरी-रुपेरी धाग्यानं भरलेली अक्षरं सुलुसची. ताजमहालावरचा अमानत खान शिराझी यानं लिहिलेला सुलुस बघायला गेलात तर दारासमोर उभं राहून तळापासून वर नजर न्या. अक्षरं सारख्या आकाराची वाटतात, पण वरची मोठी काढलेली आहेत, म्हणून खालून बघणाऱ्याला लहान होत गेल्यासारखी दिसत नाहीत. इस्तंबूलच्या हागिया सोफियामधल्या, एकोणिसाव्या शतकात मुस्तफा इज्जत एफेंदी यांनी लिहिलेल्या गोल फलकांचा व्यास सुमारे साडेसात मीटर आहे. आणि त्यावरचं अक्षरही नुक्त्यांतच मोजलेलं आहे.

नस्ख हे पुस्तकाचं वळण. आज छापलेला बहुतेक अरबी मजकूर याच्यावरून बेतलेला असतो. उस्मानी (ऑटोमन) तुर्कांनी त्याला घासून-पुसून लखलखीत केलं: अमास्याचा शेख हमदुल्ला (1436–1520), मग हाफिज उस्मान (1642–1698). 'कुराण मक्केत अवतरलं, कैरोत गायलं गेलं आणि इस्तंबूलमध्ये लिहिलं गेलं' ही म्हण तिथूनच आली. 1928 मध्ये तुर्कस्तानानं रोमन लिपी घेतली, तरी हमीद आयताच (1891–1982) यांच्यासारख्यांनी ही विद्या हातात जिवंत ठेवली.

माझा जीव नस्तालीकवर आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात इराणात ही शैली घडली. नस्ख आणि तालीक या आधीच्या दोन वळणांच्या मेळातून, म्हणून नाव नस्तालीक. मीर अली तब्रीझी याला तिचा जनक मानतात, आणि त्याला स्वप्नात उडणारे हंस दिसले अशी गोष्ट सांगतात. ही गोष्ट मला खरी वाटावीशी वाटते, कारण शब्द बघा कसा चालतो: उजवीकडे वर सुरू होतो, तिरका खाली उतरतो आणि डावीकडे रेघेवर येऊन टेकतो. पुढचा शब्द पुन्हा वरून. ओळ सरळ नसतेच, ती छोट्या छोट्या उतारांची असते. मध्येच एखादं अक्षर लांब ताणलेलं, त्याला कशीदा म्हणतात. कशीदा एकाच जाडीचा नसतो. तो सुरुवातीला बारीक असतो, पोटात भरतो आणि टोकाला पुन्हा निमुळता होतो, आणि हे सगळं बोरू न उचलता, एका श्वासात. इस्फहानचा मीर इमाद हा या शैलीचा शिखरपुरुष, 1615 मध्ये त्याचा खून झाला. अकबराच्या दरबारातल्या मुहम्मद हुसेन काश्मिरीला 'झर्रीं कलम', म्हणजे सोन्याची लेखणी, असा किताब होता. उर्दू आजही नस्तालीकमध्येच लिहितात आणि छापतात. घाईत लिहिलेलं, मोडलेलं नस्तालीक म्हणजे शिकस्ता.

दिवाणी उस्मानी दरबारच्या कागदपत्रांचं. ओळीचं डावं टोक वर चढत जातं. रुकआ रोजच्या लिखाणाचं, आखूड आणि झटपट. सहा कलमांतल्या रिकाअशी त्याची गल्लत करू नका, नावं जवळची असली तरी वळणं वेगळी आहेत.

सुरुवात कुठल्या शैलीनं करायची? उर्दू वाचता येत असेल तर नस्तालीक. नाहीतर माझं मत सुलुसचं, पण फक्त सुटी अक्षरं. ती मोठी असतात, त्यामुळे चूक लपत नाही. आधी सात नुक्ते कोपऱ्याला कोपरा लावून एकावर एक रचा, शेजारी त्याच उंचीचा अलिफ काढा. तो खांबासारखा ताठ नको. वर हलकासा कललेला, मध्ये किंचित आत गेलेला हवा. मग 'बे', 'जीम', 'नून', 'वाव'. अरबीत अठ्ठावीस अक्षरं, आणि अलिफ, दाल, जाल, रे, जे, वाव ही सहा सोडून बाकीची पुढच्या अक्षराला जोडली जातात. म्हणजे सुटी झाली की दोन-दोनच्या जोड्या गिरवायच्या. उस्मानी परंपरेत अक्षरांच्याही आधी एक प्रार्थना देतात: 'रब्बी यस्सिर वला तुअस्सिर, रब्बी तम्मिम बिल-खैर', पालनकर्त्या, सोपं कर, अवघड करू नकोस, आणि भल्यानं पुरं कर. कित्येकांचे महिने त्या एका ओळीत जातात.

रोज अर्धा तास पुरतो, पण रोज. एका पानावर एकच अक्षर. पान भरलं की त्याच पानावर आडवंतिडवं पुन्हा लिहा, काळं होईपर्यंत. इराणात याला सियाह मश्क म्हणतात, आणि मोठ्या खत्तातांची अशी पानं लोकांनी जपून ठेवली आहेत. सरावाला कुराणातल्या आयती घेऊ नका. ही पानं फाटणार, पायाखाली येणार, आणि ज्यांच्या श्रद्धेची ती अक्षरं आहेत त्यांना ते लागेल. काही खत्तात बोरू छाटताना पडलेला भुसाही साठवत, आपल्या अंत्यस्नानाचं पाणी त्यावर तापवावं म्हणून.

शिकवणारा नसेल तर उस्तादाच्या पानाचा कित्ता समोर ठेवा आणि लाल शाईनं स्वतःच तपासा. माझ्या नूनची वाटी मला गोल आणि सुरेख वाटायची. उस्तादांनी तिच्या तोंडाशी तीन लाल नुक्ते मांडले, मूळ कित्त्यावरही तेवढेच मांडले. कित्त्यात तीन बरोबर मावले. माझ्यात साडेतीन. अर्धा नुक्ता मोठा म्हणून सगळं अक्षर सुस्तावलेलं दिसत होतं.

सही मात्र घाई करून घालू नका. या विद्येत पानाखाली 'कतबहू', म्हणजे 'हे अमक्यानं लिहिलं', असं लिहायचा हक्क इजाजा मिळाल्यावर येतो. शिष्य जुन्या उस्तादाच्या एखाद्या पानाची हुबेहूब नक्कल करतो आणि उस्ताद त्याखाली परवानगी लिहून देतात. माझं ते पान अजून लिहून व्हायचं आहे. तोपर्यंत मी कोपऱ्यात फक्त तारीख घालते, आणि त्या दिवशी वापरलेल्या बोरूचा एक नुक्ता.