सुट्टीतलं पुस्तक कसं मागावं
समुद्रकाठच्या छोट्या पुस्तकांच्या दुकानात गेलात, तर नुसतं "काहीतरी चांगलं द्या" म्हणू नका. अलीकडे हातातून सुटलं नाही असं एक पुस्तक सांगा आणि अर्धवट टाकलेलं एक. माझ्या मते दुसरं जास्त कामाचं. नावड कळली की विक्रेता नेमकं पुस्तक काढून देतो.

किनाऱ्यावर वाचायला कथासंग्रह किंवा ८-१० पानांच्या प्रकरणांची रहस्यकथा घ्या. लाटा, पोरं, डुलकी, कशानेही वाचन तुटतंच. घेण्याआधी पहिलं नव्हे, मधलं एखादं पान वाचून बघा. सुरुवात बहुतेकांची घोटून केलेली असते.

आणि पुस्तक उन्हात उभ्या बंद गाडीत ठेवू नका. पेपरबॅकच्या बांधणीतला गोंद उष्णतेने मऊ पडतो, मग पानं सुटतात.