अंगणातल्या गवतासाठी बॅटरीचे ग्रास कटर निवडताना

कोकणात पावसाने जोर धरला की पंधरा दिवसांत खळ्याच्या कडेला, गडग्याच्या पायथ्याशी आणि विहिरीच्या वाटेवर गवत घोट्याएवढे होते आणि श्रावण सरेपर्यंत ते गुडघ्याला लागते. गणपतीपूर्वी घराभोवती साफसफाई हवीच असते. पण नेमक्या त्या दिवसांत बेणणीला, म्हणजे गवत काढायला, माणूस मिळत नाही आणि पेट्रोलचे मशीन घेऊन येणारा आठ-आठ दिवस वाट पाहायला लावतो. म्हणून अलीकडे अनेक घरांतून नायलॉनच्या दोरीने गवत कापणारे बॅटरीचे ग्रास कटर घेतले जाते. ते घेताना आधी आपले गवत पाहावे, मग बॅटरी पाहावी आणि मशीनकडे सगळ्यात शेवटी वळावे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

नायलॉनची दोरी वेगाने फिरते तेव्हा तिचे टोक कोवळे, रसदार देठ सहज तोडते. हरळी, लाजाळू, कोवळा टाकळा यांना ती पुरते. घाणेरी किंवा रानमोडी यांचे खोड एकदा लाकडासारखे झाले की दोरी फक्त साल खरवडते आणि स्वतः झिजते, त्यामुळे अशा झुडपांसाठी कोयता बाजूला ठेवू नये. जागा मोजताना सात-बारावरचे क्षेत्र धरू नये. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यातून घर, खळे, मांडव आणि झाडांखालची मोकळी माती वजा केली की प्रत्यक्ष कापायचे गवत बहुधा निम्म्याहूनही कमी भरते. एक-दोन गुंठ्यांच्या आवारासाठी बॅटरीचे मशीन उत्तम काम देते. आंब्याच्या बागेची बेणणी त्याच्याकडून करून घ्यायचा विचार असेल, तर पेट्रोलचे मशीनच बरे.

सर्वाधिक फसगत बॅटरीच्या आकड्यांत होते. लिथियम बॅटरीतल्या एका सेलचा सरासरी दाब साधारण ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ पर्यंत जातो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज असताना तेच २१ भरतात. म्हणजे १८, ‘२० मॅक्स’ आणि २१ असे तीन वेगळे आकडे लिहिलेल्या बॅटऱ्या मुळात एकाच जातीच्या असतात. दहा सेलांची बॅटरी ३६ व्होल्टची आणि तिलाच ‘४० मॅक्स’ म्हणतात. माझ्या घरी आलेल्या पहिल्या मशीनच्या खोक्यावर ८८ हा आकडा ठळक छापलेला होता. बॅटरी पूर्ण चार्ज करून मल्टिमीटर लावला तेव्हा काटा २० आणि २१ च्या मध्ये थांबला, म्हणजे आत पाचच सेल होते. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे न पाहता बॅटरीच्या खालच्या बाजूची बारीक पट्टी वाचावी आणि तिथले व्होल्ट व अँपिअर-अवर यांचा गुणाकार करावा. १८ व्होल्ट, २ अँपिअर-अवर म्हणजे ३६ वॅट-अवर. १८ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे ७२. आणि ३६ व्होल्ट, ४ अँपिअर-अवर म्हणजे १४४. बॅटरीत किती दम आहे हे याच आकड्यावरून कळते. गवत कापताना मोटर समजा २५० वॅट खेचत असेल, तर ७२ वॅट-अवरची बॅटरी सुमारे १७ मिनिटे चालेल. दाट, ओल्या गवतात त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात आपले आवार होत नसेल तर दुसरी बॅटरी सुरुवातीलाच घ्यावी, कारण पावसाळ्यात वीज गेली की चार्जर असून नसल्यासारखा होतो.

बॅटरी ज्या मालिकेची असेल तिच्यातच आपण पुढची अनेक वर्षे अडकतो, हेही लक्षात घ्यावे. उदाहरणार्थ, मकिता या कंपनीच्या १८ व्होल्ट आणि ४० व्होल्ट या दोन वेगळ्या मालिका आहेत आणि एकीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. घरात आधीच एखादे ड्रिल असेल आणि त्याच मालिकेत ग्रास कटर मिळत असेल, तर बॅटरी आणि चार्जर यांचा मोठा खर्च वाचतो. विक्रेत्याला एवढे अवश्य विचारावे की ही बॅटरी सुटी मिळते का आणि केवढ्याला. या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळत नसेल तर ते मशीन कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये.

मशीन पाहताना मोटर ब्रशलेस असलेली बरी; तिच्यात कार्बन ब्रश झिजत नाहीत आणि तेवढ्याच बॅटरीत काम जास्त होते. दोरी १८ व्होल्टच्या मशीनला साधारणतः १.६ किंवा २ मिलिमीटरची आणि ३६ व्होल्टच्या मशीनला २ ते २.४ मिलिमीटरची असते. अधिक टिकेल म्हणून कंपनीने सांगितल्यापेक्षा जाड दोरी भरू नये, त्याने मोटरवर ताण येतो. जमिनीवर टेकवून ठोकल्यावर दोरी सोडणारे डोके (मशीनचा दोरी फिरवणारा खालचा भाग) मला सर्वात भरवशाचे वाटते. नायलॉन वाळून कडक झाले की पटापट तुटते, म्हणून स्पूल, म्हणजे दोरीचे रीळ, भरण्याआधी दोरी रात्रभर पाण्यात ठेवावी. ती पाणी शोषून पुन्हा लवचिक होते.

दोरीवरच्या संरक्षक आवरणाच्या, म्हणजे गार्डच्या कडेला एक छोटे पाते असते आणि वाढलेली दोरी तेच योग्य लांबीला छाटते. गवत अडकते म्हणून गार्ड काढून टाकणारे अनेक जण मी पाहिले आहेत. दोरी वाढत जाते, मोटर तापते, बॅटरी लवकर संपते आणि जांभ्याचे खडे थेट नडगीवर येतात. लोखंडी पातेही कंपनीने त्या मशीनसाठी दिलेले असेल तरच लावावे; गवतात लपलेल्या चिऱ्यावर ते आपटले की मशीन हातातून उसळते. दुकानात मशीन बॅटरीसह हातात धरून, कमरेशी आणून चार-पाच मिनिटे डावीकडून उजवीकडे फिरवून पाहावे. नुसत्या वजनापेक्षा त्याचा तोल महत्त्वाचा असतो, आणि घरातले जे माणूस ते खरोखर वापरणार आहे त्याच्याच हातात ते द्यावे.

कलमांच्या बाबतीत मात्र मी कळकळीने सांगतो. चिकूच्या एका तीन वर्षांच्या कलमाच्या बुंध्याशी दोरी लागून बोटभर रुंदीची साल सगळीकडून सोलली गेली. पाने महिनाभर हिरवी राहिली, म्हणून कलम वाचले असे वाटले. पण सालीतून मुळांकडे जाणारे अन्न तुटले होते आणि ते दिवाळीपर्यंत वाळले. बुंध्याभोवती हातभर जागेतले गवत खुरप्यानेच काढावे, किंवा प्लॅस्टिकच्या पाइपाचा उभा चिरलेला तुकडा बुंध्याला घालावा.

काम सुरू करण्याआधी काठीने गवत ढवळून घ्यावे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसे दगडांच्या सांदीत आणि गवतात सर्रास असते. गमबूट, जाड पँट आणि डोळ्यांवर चष्मा यांशिवाय मशीन हातात घेऊ नये. मुले आणि गुरे किमान १५ मीटर लांब ठेवावीत. उंच गवत एकदम बुडाशी न कापता आधी वरचा अर्धा भाग उडवावा आणि मग खालचा, म्हणजे ते मशीनच्या डोक्याभोवती गुंडाळत नाही.

गणपती आटोपून मुंबई-पुण्याला परतणाऱ्यांनी बॅटरी मशीनला लावून पडवीत सोडून जाऊ नये. ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्मी चार्ज करून, पुसून, कोरड्या डब्यात ठेवावी, किंवा सोबत घेऊन जावी आणि दोन-तीन महिन्यांनी तिचा दिवा पाहून थोडी चार्ज करावी.