समितीवर तज्ज्ञ नेमताय? आधी घरच्यांचं विचारा

अमली पदार्थांवरच्या सल्लागार समितीची नस्ती, म्हणजे फाइल, तुमच्या टेबलावर आली असेल, तर टिपणी लिहिण्याआधी हे वाचा. मी एकदा तोंडघशी पडलोय.

बायोडेटा, संमतिपत्र वगैरे सांगत बसत नाही. समिती कोणत्या कलमाखाली आहे ते बघा. केंद्राची असेल तर १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याचं कलम ६, म्हणजे अध्यक्ष आणि जास्तीत जास्त २० सदस्य. एकविसाव्या नावासाठी फोन येणारच. ते उपसमितीत बसवा, तिथे बाहेरचा बिनसरकारी माणूसही चालतो.

सगळे मानसोपचारतज्ज्ञच भरू नका. ब्रिटनच्या १९७१ च्या अमली पदार्थ कायद्यात सल्लागार मंडळावर दंतवैद्य आणि पशुवैद्यकही हवाच, अशी अट होती. २०११ मध्ये ती काढली. पशुवैद्यक कशाला म्हणून हसू नका, केटामाइन नशेसाठी घेतात आणि त्यानेच जनावरांनाही भूल देतात. औषधनिर्माणवाला हवा. ट्रामाडॉल २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आलं, तोवर ते चिठ्ठीवर मिळणारं वेदनाशामक होतं. आणि व्यसनातून बाहेर पडलेला एक तरी माणूस घ्या. मालेगावात नशेसाठी विकली जाणारी ‘कुत्ता गोळी’ डॉक्टरांच्या एमडीच्या अभ्यासक्रमात नसते.

आता मी विसरलो ते. हितसंबंधांचं घोषणापत्र. म्हणजे घेतलं होतं मी, पण फक्त सदस्याच्या स्वतःपुरतं. एका डॉक्टरांनी ‘निरंक’ लिहिलं, मी खूश. दुसऱ्याच बैठकीत व्यसनमुक्ती केंद्रांच्या अनुदानाचा विषय निघाला, त्यांनी हिरिरीने शिफारस केली, आणि यादीतलं एक केंद्र निघालं त्यांच्या पत्नीच्या नावावर. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, रकानाच नव्हता. खुलासा मात्र मला द्यावा लागला. तेव्हा पती, पत्नी, मुलं, ट्रस्ट, औषध कंपनीचं मानधन, सगळ्याला वेगळा रकाना करा. ‘निरंक’ आलं तरी फोन करून विचारा. राग येईल, येऊ दे.

नेमणूकपत्रात जाहीर बोलण्याबद्दलही लिहा. २००९ मध्ये ब्रिटनच्या मंडळाचे अध्यक्ष डेव्हिड नट यांनी सरकारी धोरणावर उघड टीका केली, मंत्र्यांनी त्यांना काढलं, पाठोपाठ काही सदस्यांनी राजीनामे दिले. हो, आणि घोषणापत्र दरवर्षी नव्याने घ्या. केंद्रं नंतरही निघतात.

कार्यकाल, भत्ता, राजपत्र, नावांची स्पेलिंगं बघून घ्या, मला कंटाळा आला. पत्नीचा रकाना भरलाय? मग पाठवा नस्ती वर.