हिऱ्याची अंगठी घेताना आधी पैलू पाहा
ठाण्यात नौपाड्यातील पेढीवर हिऱ्याची अंगठी पसंत करताना वजनाआधी पैलूंच्या घडणीकडे, म्हणजे ‘कट’कडे लक्ष द्यावे, कारण हिऱ्यात शिरलेला प्रकाश कितपत परतून डोळ्यांपर्यंत येतो हे मुख्यतः तीच ठरवते आणि सुमार कटचा 1 कॅरेटचा, म्हणजे 200 मिलिग्रॅमचा हिराही उत्तम कटच्या लहान हिऱ्यापुढे निस्तेज दिसू शकतो. दुकानातील प्रखर दिव्यांखाली पिवळसर झाक सहज लक्षात येत नाही. म्हणून अंगठी दिवसाच्या उजेडात अवश्य पाहावी. व्हीएस2 या शुद्धतेच्या (‘क्लॅरिटी’च्या) श्रेणीतील दोष सहसा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे त्याहून वरच्या श्रेणीसाठी जादा पैसे मोजणे मला अनावश्यक वाटते. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याची नव्हे. हिऱ्यासाठी जीआयए किंवा आयजीआय या रत्नपरीक्षण संस्थेचा अहवाल मागावा आणि हिऱ्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असल्यास तो भिंगातून ताडून घ्यावा.