इंग्लंडमध्ये मुलांचं सोशल वर्क करायला येताय? आधी केसांबद्दल विचारायला शिका

पुण्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून चार वर्षं बालगृहात काम केलं आणि मग इंग्लंडला आले. आता इथल्या एका कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या) मुलांच्या विभागात सोशल वर्कर आहे. इकडे यायच्या तयारीतली मंडळी फोन करतात तेव्हा नोंदणी, व्हिसा, पगार एवढंच विचारतात. 'सोशल वर्क इंग्लंड' या नियामक संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय या पदावर काम करता येत नाही, म्हणून अभ्यासक्रमाचा तपशील आणि फिल्डवर्कचे दाखले निघण्याआधीच विद्यापीठातून काढून घ्या. नंतर इथून मागवताना फार त्रास होतो.

मला लिहायचंय ते वेगळ्याच तयारीबद्दल. इथे तुमच्या केसेसमध्ये ब्लॅक मुलं असणार, आणि आपली नजर त्यांच्या बाबतीत कोरी नसते. 'काळी असली तरी नाकीडोळी नीटस' हे ऐकत आपण मोठे झालोय. तो संस्कार विमानात बसल्यावर गळून पडत नाही. मराठीत बोलतानाही मी 'ब्लॅक' असंच म्हणते, कारण ही मुलं स्वतःला तेच म्हणतात.

३१ मार्च २०२४ रोजी इंग्लंडमध्ये ८३,६३० मुलं सरकारी देखरेखीखाली होती. लोकसंख्येतल्या वाट्याच्या मानाने त्यांत ब्लॅक मुलं जास्त आहेत, आणि दत्तक जाण्यासाठी त्यांना इतरांपेक्षा जास्त थांबावं लागतं. बहुतेक मुलं आपल्याकडच्यासारखी बालगृहात नसतात, फॉस्टर कुटुंबात, म्हणजे दत्तक न घेता त्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबात राहतात. ते कुटुंब पुष्कळदा गोरं असतं, आणि मुलाच्या ओळखीच्या वस्तीपासून लांबही.

माझ्याकडची एक नऊ वर्षांची मुलगी अशाच घरी होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) दर सहा आठवड्यांच्या भेटीला जावं, तर ही घरातसुद्धा हूडी डोक्यावर ओढून बसलेली. तिसऱ्या भेटीत मी विचारलं तेव्हा तिने हूडी मागे केली. मानेजवळ केसांचा घट्ट गठ्ठा झाला होता. फॉस्टर आई जीव लावणारी, पण एक दिवसाआड साध्या शाम्पूने केस धुवायची आणि मुलगी रडते म्हणून कंगवा लावायचीच नाही. मी आपल्या सवयीने म्हणाले, खोबरेल लावून वेणी घाला. जमैकन घरातल्या माझ्या सहकारी बाईंनी मला बाजूला बसवून शिकवलं: आठवड्याने धुवायचे, ओल्या केसांत भरपूर कंडिशनर, रुंद दातांचा कंगवा, टोकापासून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे, रात्री सॅटिनची टोपी. मग शहरातल्या एका केशरचनाकार बाईंकडे आम्ही तिला नेलं. वेण्या घालायला जवळजवळ पाच तास लागले. परतताना गाडीत ती मुद्दाम मान हलवून वेण्यांतले मणी वाजवत होती. हूडी मागच्या सीटवर पडली होती.

हा खर्च मंजूर करून घ्यायला मी मॅनेजरपुढे १९८९चा चिल्ड्रन अ‍ॅक्ट ठेवला. त्याच्या २२व्या कलमानुसार देखरेखीतल्या मुलाबद्दल निर्णय घेताना धर्म, वंश, संस्कृती आणि भाषा यांचा विचार करणं कौन्सिलवर बंधनकारक आहे. ते कलम पाठ करा. दत्तक प्रक्रियेतून मात्र २०१४च्या कायद्याने इंग्लंडमध्ये ही अट काढून टाकली, आणि मला ते मुळीच पटत नाही. 'आम्ही सगळ्या मुलांना सारखंच वागवतो' हे वाक्य ऐकलं की मला तो गठ्ठा आठवतो.

नवं मूल तुमच्याकडे सोपवल्यावर पहिल्याच महिन्यात त्याचं नागरिकत्व तपासा. १ जानेवारी १९८३पासून इथे नुसतं जन्मल्याने कुणी ब्रिटिश होत नाही. आई किंवा वडील ब्रिटिश किंवा इथे कायमचे स्थायिक असावे लागतात. नायजेरियन किंवा घानाच्या आईवडिलांचं, इथेच जन्मलेलं, इथल्याच उच्चारात बोलणारं मूल अठराव्या वर्षी कागदांवाचून अडकू शकतं. देखरेखीतल्या मुलांना ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करण्याची फी जून २०२२पासून माफ आहे. अर्ज वेळेत करणं आपल्या हातात आहे.

संस्कृतीचं नाव घेऊन डोळे झाकणं हेही तेवढंच घातक. आयव्हरी कोस्टमधून आणलेली आठ वर्षांची व्हिक्टोरिया क्लिम्बिए २५ फेब्रुवारी २००० रोजी लंडनमध्ये छळाने मेली. मोठ्यांसमोर ती ताठ उभी राहायची, आणि ती तिच्या समाजातली आदराची रीत असावी असं सोशल वर्करने धरून चाललं. मूल भीतीने उभं होतं.

आता माझी चूक. चौदा वर्षांचा, माझ्यापेक्षा वीतभर उंच मुलगा. तिसऱ्यांदा घर बदलतंय हे मी सांगितलं तेव्हा तो दार आपटून निघून गेला. मी नोंदीत लिहिलं, 'अ‍ॅग्रेसिव्ह'. तो शब्द पुढच्या घरासाठीच्या अर्जात गेला आणि तीन कुटुंबांनी नकार दिला. रिव्ह्यू मीटिंगमध्ये अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "त्याने नेमकं केलं काय?" दार आपटलं, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोऱ्या मुलाबद्दल मी 'दुखावला' असं लिहिलं असतं, हे मला तिथेच कळलं.

ब्लॅक मुलांना वयापेक्षा मोठं आणि जास्त धोकादायक समजण्याला इथे 'अ‍ॅडल्टिफिकेशन' म्हणतात. डिसेंबर २०२०मध्ये लंडनच्या हॅकनी भागातल्या शाळेत पंधरा वर्षांच्या ब्लॅक मुलीला, कागदपत्रांत 'चाइल्ड क्यू', गांजाच्या संशयावरून पोलिसांनी विवस्त्र करून तपासलं. काही सापडलं नाही. वंशभेदाचा त्यात प्रभाव असण्याची शक्यता आहे, असं मार्च २०२२च्या चौकशी अहवालात नोंदवलं गेलं. मला तो वाचताना शाळा आणि पोलीस यांच्याबरोबर माझी ती नोंदही दिसत होती.

म्हणून नोंद करताना विशेषण लिहू नका, घडलेलं लिहा. काय सांगितलं, तो काय म्हणाला, मग त्याने काय केलं. मोठेपणी ही मुलं स्वतःची फाइल मागून वाचू शकतात, आणि वाचतात. नोंद पुसता येत नाही. मी त्या शब्दाखाली तारीख घालून दुरुस्ती लिहिली, चूक माझी होती हेही लिहिलं. तो आता अठरा पूर्ण आहे. पुढच्या महिन्यात पर्सनल अ‍ॅडव्हायझरसोबत (देखरेखीतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना मदत करणारी व्यक्ती) फाइल वाचायला बसणार आहे. त्या वेळी मी तिथे असलेलं चालेल का, असं मी त्याला विचारलंय. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.