कारचं दार घरी रंगवताय? आधी पुसा, मग घासा

गाडी धुवायची हे सांगायला नको. भांड्यांच्या साबणानं, दोनदा. पण धुतलेला पत्रा रंगासाठी साफ झालेला नसतो. मागच्या वेळी माझं काम नेमकं इथंच बिघडलं: पॉलिश पेपर आधी फिरवला, पत्रा नंतर पुसला. डॅशबोर्ड आणि टायरच्या पॉलिशमधलं सिलिकॉन साबणानं जात नाही, आणि पेपर फिरला की ते ओरखड्यांत जाऊन बसतं. क्लिअरचा (सगळ्यात वरच्या पारदर्शक थराचा) हात पडताच मोहरीएवढे गोल खड्डे उघडतात, कडा उचललेली, मध्ये खालचा थर दिसतो. त्यावर आणखी फवारा मारून ते बुजत नाहीत. वाळू द्यावं लागतं, घासावं लागतं, सगळं पहिल्यापासून.

म्हणून रंगाच्या आधी वॅक्स-ग्रीस रिमूव्हर आणा. कापडं दोन, एक ओलं, एक कोरडं. ओल्यानं हातभर जागा पुसायची आणि ती वाळायच्या आत कोरड्यानं उचलून घ्यायची. वाळू दिली तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथंच बसतं. पेट्रोल चालत नाही, तेलकट थर मागे ठेवतं. कपडे मऊ करायच्या द्रावणात बुडवलेलं फडकंही नको, त्यातही सिलिकॉन असू शकतं. घासण्याआधी पुसा. प्रायमरआधी पुसा. बेस कोटआधी, म्हणजे मूळ रंगाच्या थराआधी, पुन्हा पुसा. आणि मध्ये उघडा तळहात पत्र्यावर फिरवू नका. पुट्टीचा उंचसखलपणा चाचपायचा तर हाताखाली पातळ सुती कापड धरा, उलट जास्त नीट कळतो.

पुट्टीत हार्डनर वजनाच्या साधारण 2 टक्के. जास्त घातला की मे महिन्यात पात्यावरच गोठते, आणि जास्तीचा हार्डनर पुढे रंगातून डाग बनून वर येतो. पुट्टी 80 नंबरच्या पेपरनं उतरवा, मग 180, 320. प्रायमर वाळला की 800 नंबरचा पेपर, ओला करून. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका. पावसाळ्यात सकाळी तांबूस झालेला मिळतो.

थिनर ‘स्लो’, म्हणजे सावकाश उडणारा, मागा, दुकानदार हातात देईल तो नाही. पारा 45 कडे गेला की साधा थिनर हवेतच उडतो आणि रंग पत्र्यावर कोरडा, खरखरीत पडतो. वेळ सकाळी 6 ते 8. दाराला आतून हात लावून पाहा, चटका बसत असेल तर त्या दिवशी रंगवू नका. कितीही उकडलं तरी कूलर बंद! त्याची ओली हवा आणि धूळ दोन्ही ताज्या रंगावर येतात. जमिनीवर मात्र पाण्याचा सडा टाका, धूळ बसते. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा, स्प्रे गनच्या आधी वॉटर सेपरेटर (हवेतलं पाणी अडवणारा) लावा.

हार्डनर घातलेल्या क्लिअरमध्ये आयसोसायनेट असतं, फुप्फुसांना घातक रसायन. रुमाल किंवा साधा धुळीचा मास्क त्यापुढे काहीच करत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क सगळ्यात बरा, तो नसेल तर निदान ऑरगॅनिक व्हेपर काडतूस आणि कण अडवणारा फिल्टर दोन्ही असलेला घ्या, चष्मा, हातमोजे घाला, जिथं रंगवताय तिथली दोन्ही दारं उघडी ठेवा. पोरांना त्या सकाळी जवळ येऊ देऊ नका.

रंग गाडीच्या रंगाच्या कोडवरून बनवा, तरी आधी पुठ्ठ्यावर मारून उन्हात गाडीशेजारी धरून बघा. जुना रंग उडालेला असतो. मिश्रणाचं प्रमाण डब्यावरचंच. गनचं नोझल प्रायमरला 1.7 मिमी, बाकीला 1.3 किंवा 1.4. रंगाच्या दोन हातांमध्ये 10 मिनिटं. टॅक क्लॉथ (धूळ उचलणारं चिकट कापड) हलका फिरवा. बेसचे दोन-तीन हात, क्लिअरचे दोन. टेप क्लिअर चिकट असतानाच काढा. कंपाउंड, म्हणजे चमक आणायची घासायची पेस्ट, नंतर. वॅक्स महिनाभर नको, थिनर अजून बाहेर पडत असतो. आणि टायर पॉलिशचा डबा काम संपेपर्यंत घरातच ठेवा.