टॉकबॅकमध्ये मुक्या बटणांना मी नावं दिली

मला दिसत नाही, अँड्रॉइड फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणाऱ्या सोयीवर, वापरतो. परवा पैसे पाठवायचं एक अ‍ॅप अपडेट झालं आणि त्यातली तीन बटणं एकच बोलायला लागली: ‘अनलेबल्ड, बटण’, म्हणजे नाव नसलेलं बटण. चुकीचं दाबलं तर पैसे जायचे! दोन दिवस दर वेळी लेकीला हाक मारली. स्वतःच्या पैशासाठी असं थांबावं लागणं मला फार लागतं.

मग उपाय सापडला. बटणावर बोट नेऊन फोकस आणायचा आणि तीन बोटांनी एकदा टॅप करायचं. टॉकबॅकचा मेनू उघडतो. (जुन्या फोनवर एका बोटाने खाली आणि न उचलता उजवीकडे.) त्यात लेबल जोडायचा पर्याय असतो. कुठलं बटण कशाचं, ते लेकीने एकदा सांगितलं. मी ‘पाठवा’ आणि ‘स्कॅन’ अशी नावं टाकली. आता फोन तीच बोलतो. नाव मराठीत हवं तर मराठी आवाज आधी डाउनलोड करून ठेवा.

तिसऱ्या बटणाला तो पर्यायच आला नाही. अ‍ॅपच्या कोडमध्ये बटणाला आयडी (ओळखखूण) नसेल तर टॉकबॅकला लेबल चिकटवता येत नाही. कंपनीला तसं लिहिलंय. त्यांच्यासाठी हे एका ओळीचं काम आहे.